चुकलेली पाखाडी

लग्नकार्यात शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं की, "तुम्ही काय करता?" तर मी सांगते, "शाळांची मैदानं करते." त्यांच्या डोळ्यांसमोर लगेच रोलर येतो. "म्हणजे सपाट करता?" मग मला सांगावं लागतं, "नाही हो. सपाट असतात, ती जरा बिघडवते."

पुढचं ऐकायला थांबणाऱ्या थोड्या. तुम्ही थांबलात म्हणून सांगते.

मी मूळची गुहागरची. बागायतीचं शिक्षण घेतलं आणि रत्नागिरीला एका रोपवाटिकेत नोकरीला लागले. तिथे शाळा रोपं न्यायला यायच्या. वृक्षारोपणाचा दिवस, पाहुणे, फोटो. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यासाठी तेच रोप न्यायला पुन्हा त्याच शाळा. एकदा मी स्वतः जाऊन बघितलं, तर रोपांना कुंपण होतं आणि कुंपणाला पाटी होती : मुलांनी जवळ जाऊ नये. त्या पाटीने माझा धंदा बदलला. झाडं मुलांपासून वाचवायची नाहीत, मुलांना झाडांत सोडायचं, असं ठरवून मी शाळांची आवारं आखून द्यायला लागले. मातीचं टेकाड, चढायला झाड, पाण्याला वाट, लपायला झुडुपं, जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचं गोल बसणं म्हणजे उघड्यावरचा वर्ग. गुहागरला आम्ही पोफळीची गळलेली विरी, म्हणजे झावळीचं रुंद, गुळगुळीत बूड, घेऊन तिच्यावर बसायचो आणि दुसऱ्याने झावळीला धरून ओढत न्यायचं. माझ्या प्रत्येक मैदानात विऱ्यांचा ढीग असतोच. कारखान्यात बनलेल्या कुठल्याही घसरगुंडीपेक्षा त्याला जास्त गिऱ्हाईक असतं.

गिऱ्हाइकं मलाही एकेक भेटली. रत्नागिरीतल्या एका इंग्रजी शाळेच्या विश्वस्तांनी मला सांगितलं होतं, "झाडं भरपूर लावा, फक्त पानं पडता कामा नयेत." मी त्यांना चित्रकलेच्या शिक्षकांचा नंबर दिला.

माझी कामाची रीत ठरलेली होती. पहिल्या दिवशी टेप काढायची नाही. एक वही घेऊन व्हरांड्याच्या कडेला बसायचं आणि मधल्या सुट्टीत मुलं कुठे जातात ते बघायचं. प्रत्येक मुलासाठी नकाशावर एक टिंब. शाळेला मैदान कितीही मोठं असू दे, टिंबं कडेला पडतात. टाकीमागे, पायरीवर, बांधाच्या सावलीत. जिथे उंचसखल आहे, आडोसा आहे, काहीतरी हलवता येतं, तिथे मुलं असतात. मधलं मैदान झेंड्यासाठी आणि पाहुण्यांसाठी. टिंबांवरून मी आराखडा काढायची आणि त्या वहीचा मला फार अभिमान होता. आता ज्या शाळेबद्दल सांगणार आहे, तिथे त्याच वहीने मला खाली बघायला लावलं. आणि तरी माझ्या सगळ्या कामांत मला सगळ्यात जास्त अभिमान त्याच मैदानाचा आहे.

लांज्यापासून आत, सड्यावर ही जिल्हा परिषदेची शाळा. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं उघडं पठार. आठ महिने तव्यासारखा तापतो आणि चार महिने पाण्याखाली असतो. शाळेला माती अशी नव्हतीच. मुख्याध्यापिका जाधव बाई. बुटक्या, ठसठशीत आवाजाच्या, चष्मा कायम कपाळावर. त्यांनीच मला बोलावलं, कारण गावच्या मुंबई मंडळाने, म्हणजे मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांनी, आवारात पेव्हर ब्लॉक बसवून द्यायचं ठरवलं होतं आणि बाईंना ते नको होतं.

जानेवारीत मी वही घेऊन व्हरांड्यात बसले. मुलं खिचडी खाऊन खेळायला सुटली. मी टिंबं काढत होते. तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई, कोणाला शोधताय?"

शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या सुलूवहिनी स्वयंपाकखोलीच्या खिडकीत उभ्या होत्या. हातात पळी. मी त्यांना कामाची रीत समजावून सांगितली. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "एका दिवसात काय कळणार? मी चौदा वर्सं बघत्ये." मग पळीनेच मागचा कोपरा दाखवला. "आणि तिकडं काय बांधू नका हां. वरच्या सड्याचं पाणी तिथनंच येतं."

मी हसून म्हटलं, "वहिनी, मी उतार मोजून घेणार आहे." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी पाण्याच्या नळीने लेव्हल घेतली. कोपरा मला सुरक्षित वाटला. जानेवारीच्या कोरड्या कातळावर पाणी कुठून येतं, ते नळी सांगत नाही.

संध्याकाळी टिंबं मोजली. चाळीस. पटावर एक्केचाळीस होती. एखादं पोर गैरहजर असेल, असं धरून मी वही मिटली.

शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष रमेशभाऊ शिगवण, गावातल्या काजूच्या कारखान्याचे मालक. माणूस सरळ. त्यांना पेव्हर हवे होते, कारण तालुक्याच्या शाळेला होते. "चकाचक दिसतं हो. पोरांनी चिखलातच राहायचं काय?" त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी त्यांना भर बारा वाजता ग्रामपंचायतीच्या अंगणात नेलं. तिथे पेव्हर नुकतेच बसवले होते. म्हटलं, "भाऊ, चपला काढा आणि झेंड्याच्या खांबापर्यंत चालून दाखवा."

ते चार पावलं गेले आणि उड्या मारत परत आले. "पोरं चपला घालून खेळतील की!"

बरोबर आलेल्या जाधव बाईंनी विचारलं, "भाऊ, मधल्या सुट्टीत पोरांच्या चपला कुठे असतात?"

भाऊ हसले. "दाराशी." मंडळाला त्यांनीच फोन केला.

फेब्रुवारी ते मे आम्ही राबलो. तळीचा उपसलेला गाळ ट्रॅक्टरने आणला. खाणीवरच्या यंत्राने कातळात खड्डे मारून बकुळ, आवळा, रातांबा लावला. गणपतकाका म्हणून सत्तरीचे गृहस्थ होते. नुसत्या दगडांवर दगड बसवून, सिमेंटशिवाय गडगा घालायचं काम आता त्यांच्यासारखं कोणी करत नाही. त्यांनी मागच्या कोपऱ्यात गडगा घातला, त्याला टेकून आम्ही पुरुषभर उंचीचं मातीचं टेकाड केलं, आणि टेकाडावर चढायला चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट, आमच्याकडची पाखाडी असते तशी. दहा पायऱ्या, सरळ वर. दुसऱ्या अंगाने विरीवर बसून खाली घसरायचं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा टेकाडावर मुंगळ्यांसारखी मुलं होती. मुंबई मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ गेले. नालासोपाऱ्याहून, विरारहून कौतुकाचे फोन आले. माझे पाय जमिनीवर नव्हते.

जुलैत एका सकाळी जाधव बाईंचा फोन आला. "बाई, मैदान वर्गात आलंय."

मी पोचले तेव्हा पाऊस ओसरला होता. वरच्या सड्याचं पाणी पहाटे त्याच कोपऱ्यातून आलं होतं. त्याने गडग्याचा सात-आठ हातांचा भाग ढकलून दिला, टेकाड फोडलं आणि पाखाडीवरून धबधब्यासारखं उतरून सरळ तिसरीच्या वर्गात शिरलं. मी केलेल्या पायऱ्यांनी त्याला वर्गाची वाट दाखवली होती. फळ्याच्या खालच्या कडेपर्यंत तांबडा चिखल. तक्ते, पाट्या, मुलांनी केलेली कागदाची फुलं सगळं त्यात. शाळा भरायच्या आधी झालं म्हणून. ते वाक्य मी अजूनही पुरं करत नाही.

रमेशभाऊ दारात उभे होते. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "पेव्हर असते तर एवढं झालं नसतं," एवढंच म्हणाले. मंडळाच्या ग्रुपवर आता चिखलाचा व्हिडिओ फिरत होता. शनिवारी समितीची सभा ठरली. विषय एकच, टेकाड काढून आवार सपाट करणे.

सुलूवहिनी पदर खोचून वर्गातला चिखल घमेल्याने बाहेर काढत होत्या. मी दुसरं घमेलं उचललं. पाच-सहा घमेली बाहेर गेली. मग मीच म्हटलं, "तुम्ही सांगितलं होतंत."

"सांगितलं व्हतं," त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता.

"आता सगळं सांगा. मी ऐकायला बसत्ये."

त्यांनी हात धुतले, मला स्वयंपाकखोलीत नेलं आणि खिडकीपाशी उभं केलं. चौदा वर्षांत त्यांनी तिथून काय काय बघितलं होतं! पाणी कुठल्या महिन्यात कुठून येतं, कुठे थबकतं, कुठे जिरतं. कुठल्या दगडावर सकाळी साप ऊन खातो. भांडणं झाली की मुलं कुठे जाऊन रडतात. मी वहीत लिहीत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "आणि ती श्रावणी. तिचं काय करताय?"

"कोण श्रावणी?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "तिसरीतली हो. पायानं अधू हाय, चाकाच्या खुर्चीत असते. त्या दिवशी तुमी व्हरांड्यात बसलावतात ना, तुमच्या पाठीमागच्याच खिडकीत बसलेली. ती भायर येतच नाय. आली तरी करील काय?"

चाळीस टिंबं, आणि पटावर एक्केचाळीस.

जे मूल मैदानावर आलं नाही, ते माझ्या नकाशावर आलं नव्हतं. माझ्या पाठीशी चार हातांवर बसलेलं पोर मी गैरहजर धरलं होतं. आणि तिच्या डोळ्यांसमोर दहा पायऱ्या बांधल्या होत्या. त्याआधी मी कितीतरी शाळांची मैदानं केली होती. तिथल्या वर्गांत कोण कोण बसून राहिलं होतं, मला माहीत नाही. पुढे मी त्यातल्या बऱ्याच शाळांत परत गेले, दोन ठिकाणी वाटा बदलून घेतल्या. पण तोवर ज्यांची शाळा संपली होती, त्यांची मला नावंही कळली नाहीत. हे माझ्याकडून राहून गेलं ते गेलंच.

मुलांना समाजमंदिरात बसवलं होतं. मी तिथे गेले. श्रावणी भिंतीशी खुर्चीत बसून वहीत बेरजा करत होती. दोन घट्ट वेण्या, मोठे डोळे. मी शेजारी सतरंजीवर बसले आणि विचारलं, "श्रावणी, टेकाडावर काय असतं गो?"

तिला सगळं माहीत होतं. कोण पहिला चढतो, कोण रांग मोडतो, कोण खोटंच पडतो. मग म्हणाली, "वर गेली ना, की सगळी आधी माझ्याकडे बघून हात करतात." थोडं थांबून म्हणाली, "मग विसरतात."

तक्रार नव्हती. बेरजेचं उत्तर सांगावं तसं तिने सांगितलं आणि पुन्हा वहीत बघायला लागली.

शनिवारच्या सभेला समाजमंदिर भरलं होतं. मी उभी राहिले आणि सांगितलं की चूक माझी आहे. मला पाण्याबद्दल सांगितलं गेलं होतं, मी ऐकलं नाही. आणि एका मुलीला मी धरलंच नाही, ही दुसरी चूक त्याहून मोठी. श्रावणीची आई मनीषा मागे बसली होती, रमेशभाऊंच्याच कारखान्यात काजू सोलते. तिने मान वर केली नाही. मी गणपतीपर्यंत मुदत मागितली.

"आणि परत वाहून गेलं तर?" रमेशभाऊंनी विचारलं.

"तर तुमचे पेव्हर मी स्वतः उभी राहून बसवून घेईन."

"पण करणार काय? पाणी तिथनंच येणार. आणि मुलगी चढणार कशी? दोन्हीला एकच टेकाड!"

पाणी एकीकडून वळवायचं, मुलीसाठी दुसरीकडून उतार करायचा, असं काहीतरी दोन तुकड्यांत माझ्या डोक्यात होतं. तेवढ्यात दारातून आवाज आला. सुलूवहिनी. त्या सभेत कधी बसत नसत, बोलणं तर दूरच. चहाचा ट्रे हातात धरून म्हणाल्या, "गुरं सड्यावर कशी चढतात ती बघा की. सरळ चढतात काय? वळून वळून चढतात. पाण्यालाबी तसंच उतरवा. आणि तशाच वाटेनं चाक चढेल."

गणपतकाका कोपऱ्यातून म्हणाले, "बाई खरं बोलतेय. सरळ वाटेला पाणी माजतं."

इतकी वर्षं उतार मोजत आले आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. धावणाऱ्या पाण्याला जो मंद उतार लागतो, तोच चाकालाही लागतो. एक हात चढायचं तर बारा हात लांबी हवी. चार हातांच्या टेकाडाला जवळजवळ पन्नास हात वाट, चार वळणांची. वळणावर वळायला ऐसपैस जागा. वाटेच्या आतल्या कडेने पाण्याची चर आणि चरीत जागोजाग आडवे दगड, म्हणजे पाणी अडखळत, दम खात उतरेल. गडग्याला भोकं ठेवायची, म्हणजे वरचं पाणी ढुशी न देता आत येईल आणि चरीतून पलीकडच्या शेतात जाईल. शाळेकडे पाठ करून.

मुदत मिळाली. एकमताने नाही, पण मिळाली.

उघडीप मिळेल तसं काम चाललं. गणपतकाका डोक्यावर प्लास्टिक बांधून दगड लावायचे आणि मला बोल लावायचे. माझी पाखाडी त्यांनी स्वतःच्या हाताने बसवली होती, आता स्वतःच्याच हाताने उचकटत होते. "बांधलेलं मोडायला मला कोणी कधी लावलं नाय," म्हणायचे. पण वाटेचे चिरे त्यांनी असे घासून बसवले की, एका चिऱ्यावरून दुसऱ्यावर जाताना चाकाला कळूसुद्धा नये. वळण झालं की सुलूवहिनी खिडकीतून ओरडायच्या, "अजून जरा लांब घ्या!" आणि आम्ही घ्यायचो.

ऑगस्टात तो पाऊस आला. मी सकाळपासून शाळेतच होते. जाधव बाई, सुलूवहिनी आणि मी, तिघी छत्र्या घेऊन उभ्या. वरचा सडा भरून वाहायला लागला. गडग्याच्या भोकांतून पाणी आलं, तांबडं, जोरात. पहिल्या वळणावर आलं, दगडाला अडलं, फुगलं, वळलं. दुसऱ्या वळणावर हळू झालं. शेवटच्या वळणापाशी तर अक्षरशः चालत आलं आणि शेताकडे निघून गेलं. जाधव बाईंनी माझा दंड धरला होता, तो सोडला.

रमेशभाऊ कधी येऊन उभे राहिले ते आम्हाला कळलं नाही. एका वळणावर पाचोळा अडकून पाणी तुंबायला लागलं होतं. त्यांनी कुंपणातली एक काठी उपसली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चरीत उतरले आणि पाचोळा काढला. पेव्हरचा विषय त्यांनी नंतर काढला नाही. आता मोठा पाऊस झाला की कारखान्यात जायच्या आधी ते चर बघून जातात.

मुलांनी त्या चरीचं जे केलं, ते कुठल्याच आराखड्यात नव्हतं. धरणं बांधली, पानांच्या होड्या सोडल्या, आणि जाधव बाईंनी पाचवीकडून होडी किती वेळात किती हात जाते त्याची गणितं करून घेतली. वेगाचा धडा त्यांना फळ्यावर शिकवावाच लागला नाही.

गणपतीच्या सुट्टीनंतर पहिल्या कोरड्या दिवशी मी बकुळीच्या खड्ड्यांत माती भरायला गेले होते. मधल्या सुट्टीत श्रावणीची खुर्ची तिच्या वर्गातल्या मुली ढकलत आल्या. पहिली तीन वळणं त्यांनी ढकलली. चौथ्याला तिने सगळ्यांचे हात बाजूला केले आणि चाकं स्वतः ओढली. मध्ये एकदा थांबली, तेव्हा मी फावडं टाकून पुढे निघाले. सुलूवहिनींनी खिडकीतून मला नुसती मान हलवून थांबवलं. ती वर पोचली. मी खाली मातीत बसून राहिले. डोळे पुसायला हात स्वच्छ नव्हते.

घंटा झाली. मुलं पळाली. वर्ग सुरू झाला आणि पाच मिनिटं गेली, दहा गेली. जाधव बाई तिसरीच्या दारात आल्या. श्रावणी वाटेच्या खालच्या वळणावर होती, एक मैत्रीण बरोबर. दोघींचे हात कोपरापर्यंत चिखलाचे.

"श्रावणी! घंटा ऐकू आली नाही?"

"आली."

"मग?"

"माझा डाव चालू होता."

जाधव बाईंनी तिला झाडलं, चांगलं झाडलं. शाळा म्हणजे काय वाटली तुला, वेळ म्हणजे काही असतं की नाही, वगैरे सगळं. श्रावणी खाली मान घालून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनीषा शाळेच्या दारात उभी. कामाला जायच्या घाईत, पिशवी खांद्याला. "बाई, काल तुम्ही श्रावणीला ओरडलात?"

जाधव बाई गडबडल्या. "अहो, म्हणजे, वर्गात यायला उशीर केला तिने. सगळ्यांनाच ओरडते मी."

"घरी आल्यापासनं तेच सांगत्येय," मनीषा म्हणाली. "आजीला सांगितलं, शेजारी सांगितलं, पप्पांना मुंबईला फोन लावून सांगितलं, बाई मला ओरडल्या. आज सकाळी विचारत होती, आज पण ओरडतील काय?"

बोलता बोलता तिने हसतच डोळे पुसले. जाधव बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, चेहरा जमेल तेवढा कडक केला आणि म्हणाल्या, "उशीर केला तर ओरडणारच. सांगून ठेवा तिला."